हृदयाची गोळी आणि आतड्याची चाल

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्या मंडळींचा कोठा साफ न होणे ही गोष्ट त्या एकट्यांची राहत नाही. पहाटेपासून साऱ्या घरास तिचा पत्ता लागतो. चहा दोनदा होतो, देवपूजा लांबते, मुलांच्या शाळेची घाई आणि न्हाणीघराची अडवणूक यांची गाठ पडते, आणि शेवटी दोषाचा निवाडा बहुधा स्वयंपाकघरावर येऊन थांबतो. आमच्या घरी हेच झाले. माझ्या वडील भगिनी, ज्यांस घरात सर्व आक्का म्हणतात, त्यांस एकाएकी मलावरोधाचा त्रास सुरू झाला. प्रथम भाकरी कोरडी असल्याची तक्रार निघाली. पुढे हरभऱ्याची डाळ वातूळ ठरली. आणि अखेर 'हल्ली भाज्या मनासारख्या शिजत नाहीत' हे वाक्य सूनबाईंच्या कानी पडेल अशा बेताने उच्चारले जाऊ लागले. सूनबाईंनी उत्तर दिले नाही, मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या आक्कांची भाजी निराळी शिजवू लागल्या.

मार्गशीर्षात आक्कांच्या छातीत धडधड होऊ लागली म्हणून डॉक्टरांनी व्हेरापामिल नावाची गोळी सुरू केली होती. धडधड थांबली. पौषात कोठा बिघडला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका आम्हांपैकी कोणासही आली नाही. कारण गोळी हृदयाची आणि तक्रार पोटाची! मग इसबगोल झाला, एरंडेल झाले, सोनामुखीचे चूर्ण झाले. कुंथण्याने गुदद्वारी चीर पडली, जिला वैद्य परिकर्तिका म्हणतात, आणि त्या वेदनेवर दुसऱ्या एका डॉक्टरांनी बाहेरून लावावयास मलम दिले. त्या मलमाने काही आठवड्यांत चांगला आराम पडला. छापील कागद हाती आला की तो वाचल्यावाचून मला राहवत नाही; शाळामास्तरकीची ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. मलमाच्या वेष्टनावर डिल्टियाझेम हे नाव होते. कुतूहलाने गोळीबरोबरचा कागद काढून ताडून पाहिला, तो दोन्ही औषधे एकाच कुळातली निघाली. दोन्ही कॅल्शियमचा मार्ग रोखणारी. म्हणजे ज्या कुळातल्या गोळीने वाट अडली, त्याच कुळातल्या मलमाने वाटेवरची वेदना शमत होती. हे कोडे मला सुटेना. पुढे काही ग्रंथ चाळून आणि एका जुन्या विद्यार्थ्यास, जो आता डॉक्टर आहे, पुष्कळ त्रास देऊन जे समजले, ते येथे सांगतो.

आपल्या शरीरात स्नायूंच्या तीन जाती आहेत. हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेने चालतात. हृदयाचा स्नायू स्वतंत्रच. तिसरी जात अनैच्छिक स्नायूंची. ती जठराच्या, आतड्यांच्या, मूत्राशयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असते. ती हळू आवळते, पुष्कळ वेळ आवळून राहू शकते आणि लवकर थकत नाही. आतड्याच्या भिंतीत तिचे दोन थर आहेत. आतला थर कड्याप्रमाणे भोवती वळलेला आणि बाहेरचा लांबीच्या दिशेने गेलेला. अन्नाच्या गोळ्यामागचे कडे आवळते आणि पुढचे सैल पडते. हे पुढे पुढे होत गेले म्हणजे गोळा सरकतो. परकराच्या नेफ्यात अडकलेली नाडीची गाठ बोटांनी मागून दाबत दाबत पुढे न्यावी, तसाच हा प्रकार. यास क्रमसंकोच म्हणतात. आपल्या शास्त्रकारांनी अन्नाच्या पचनाशी समान वायूचा आणि मलाच्या विसर्जनाशी अपान वायूचा संबंध जोडला आहे. ती परिभाषा निराळी आणि ही निराळी. दोहोंची ओढून ताणून मोट बांधण्याचा मोह मी टाळतो. परंतु मलाच्या प्रवासास गती देणारे काहीतरी स्वतंत्रपणे चालत असते, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, इतके म्हणावयास हरकत नाही.

या स्नायूस ताल कोण देतो? स्पेनमधील शारीरशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही पेशी आतड्याच्या भिंतीत विखुरलेल्या आहेत. त्या ठरावीक अंतराने विजेची मंद लाट उठवितात. जठरात मिनिटास सुमारे 3 लाटा, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे 12, आणि त्याच्या शेवटाकडे 8 ते 9. मात्र लाट उठली की स्नायू आवळलाच, असे नाही. लाट पुरेशी उंच चढली, म्हणजे स्नायूपेशीच्या आवरणातील काही सूक्ष्म दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. आवळणे होते ते त्या कॅल्शियममुळे.

या दारांची कल्पना आमच्या जिल्ह्यातील वाचकांस समजावून देणे सोपे आहे. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांचे रूप पालटले. ज्याने रात्री कंदील घेऊन उसात पाणी भरले आहे, त्यास 'दारे धरणे' म्हणजे काय हे सांगणे नलगे. पाटात पाणी वर आहे, शेत खाली आहे. मधला मातीचा बांध फावड्याने फोडला की पाणी आपोआप सरीत धावते आणि सरी भरली की दार बुजवावे लागते. पाणी ढकलावे लागत नाही. उंचीतील फरकच त्यास नेतो. स्नायूपेशीची रचना अशीच आहे. विश्रांतीच्या वेळी पेशीबाहेर मोकळे कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी अधिक असते. दार क्षणभर उघडले तरी ते आत धावते. काम झाले की पेशी खर्च सोसून ते पुन्हा बाहेर काढते, किंवा आतल्या कोठारात भरून ठेवते. उपमेत एक उणीव आहे, ती सांगून टाकतो. शेताचे दार शेतकरी धरतो. पेशीचे दार विजेच्या दाबातील फरकाने स्वतःच उघडते व मिटते.

आत गेलेले कॅल्शियम काय करते? तेथे कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन त्याची वाट पाहत असते. कॅल्शियमचे चार कण त्यास चिकटले म्हणजे त्याचा आकार बदलतो आणि ते एका कारागिरास जागे करते. हा कारागीर मायोसिन नावाच्या तंतूच्या मानेवर फॉस्फरसयुक्त गट बसवितो. मग मायोसिन शेजारच्या अ‍ॅक्टिन तंतूस पकडून ओढते आणि पेशी आखूड होते. हातापायांच्या स्नायूंत ही व्यवस्था वेगळी आहे. त्यांच्या पेशींत कॅल्शियमचे मोठे कोठार असते; मज्जातंतूचा निरोप पोहोचला की ते कोठार उघडते आणि बाहेरच्या कॅल्शियमसाठी त्या क्षणी थांबावे लागत नाही. म्हणूनच या कुळातील गोळ्या घेणाऱ्या मनुष्याच्या हातातील घागर गळून पडत नाही. आतड्याच्या आणि रक्तवाहिनीच्या स्नायूंचे तसे नाही. त्यांची भिस्त बरीचशी बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यावर असते.

आता गोळीचे काम ध्यानात येईल. तिचा कण दाराच्या चौकटीतच जाऊन बसतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम कमी शिरले की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि रक्ताचा दाब उतरतो. हृदयात व्हेरापामिल ठोक्यांच्या संदेशाची गती मंदावते, म्हणून धडधड थांबते. आणि आतड्यात? तेथेही दारे त्याच घराण्यातील आहेत. काहालच्या पेशींची लाट पूर्वीप्रमाणे उठत राहते, परंतु लाटेच्या माथ्यावर जे दार उघडावयाचे ते पुरेसे उघडत नाही. दिंडीत टाळ वाजत आहेत, पण वारकऱ्यांचे पाऊल उचलत नाही, अशी ती अवस्था. परिणाम विशेषेकरून मोठ्या आतड्यात जाणवतो. तेथे मलाचा प्रवास आधीच संथ. दिवसातून थोड्याच वेळा, बहुधा सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर, जोराची लाट येऊन मल पुढे लोटला जातो. ती लाट दुबळी झाली की मल जागीच राहतो, आणि जितका अधिक राहतो तितके त्यातील पाणी शोषले जाऊन तो अधिक कठीण होतो.

कोड्याचे उत्तर येथेच आहे. मोठ्या आतड्याचा स्नायू ढकलण्यासाठी आवळतो. तो सैल केला तर वाट थांबते. गुदद्वारापाशी असलेला आतला संकोचक स्नायू मात्र दार बंद ठेवण्यासाठी आवळलेला असतो. चीर पडली की वेदनेने तो अधिकच आवळतो, तेथील रक्तप्रवाह कमी होतो आणि चीर भरून येत नाही. त्यावर डिल्टियाझेमचे मलम लावले की तो सैल पडतो, रक्त पोहोचते, जखम भरते. स्नायू एकाच जातीचा आणि क्रियाही एकच. त्या स्नायूकडे कोणते काम सोपविले आहे, त्यावर गुण आणि दोष ठरतो. हाच न्याय घशाखाली, अन्ननलिकेच्या तोंडाशीही लागतो. ज्यांची अन्ननलिका खालच्या टोकास आवळून बसते व घास उतरत नाही, त्यांस निफेडिपीन दिले जाते. उलट ज्यांस मुळात जळजळीचा विकार आहे, त्यांचे आम्ल त्याच औषधाने अधिक वर येऊ शकते.

कॅल्शियमचे हे माहात्म्य कळले ते एका गैरसावधपणातून. लंडनमधील सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात चालू ठेवण्याचे प्रयोग करीत. हृदय छान चालले. पुढे ध्यानात आले की द्रावण शुद्ध केलेल्या पाण्याचे नसून नळाच्या पाण्याचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय लवकर थांबू लागले. नळाच्या पाण्यातील चुन्याचा अंश हेच त्याचे कारण, हे त्यांनी 1883 साली प्रसिद्ध केले. आमच्याकडील विहिरींच्या जड पाण्याने डाळ शिजत नाही म्हणून गृहिणी त्रासतात. त्याच चुन्याच्या अंशावाचून हृदयाचा ठोका पडत नाही, ही मोठी मौज आहे. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी जर्मनीतील फ्रायबर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांस असे आढळले की व्हेरापामिल दिलेले हृदय कॅल्शियम काढून घेतलेल्या हृदयाप्रमाणे वागते. आणि त्यातूनच या औषधांस कॅल्शियमविरोधी हे नाव मिळाले. व्हेरापामिलची मूळ कल्पना अफूच्या बोंडातील पापाव्हेरीन या द्रव्यावरून सुचली. हे वाचून आक्का दचकल्या. परंतु गोळीत अफूचा लेशही नाही.

या कुळातील सर्व औषधे आतड्यास सारखीच बाधत नाहीत. व्हेरापामिल घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे 7 जणांस मलावरोध झाल्याची नोंद औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात आहे. वृद्धांत तो अधिक त्रासदायक होतो. डिल्टियाझेमचा उपद्रव त्याहून कमी. आज आपल्याकडे घरोघरी दिसणारी अ‍ॅम्लोडिपीन ही गोळी प्रामुख्याने रक्तवाहिन्यांवर काम करते. रक्तवाहिनीचा स्नायू सदैव थोडा आवळलेला असतो; दाराच्या त्या अवस्थेत हे औषध अधिक घट्ट बसते, आणि आतड्याच्या वाट्यास कमी येते. म्हणूनच सरकारच्या रक्तदाब-नियंत्रणाच्या योजनेत, जी महाराष्ट्रात आरंभी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाली, पहिले औषध म्हणून अ‍ॅम्लोडिपीनच निवडले गेले, असे मात्र कोणी समजू नये. ते स्वस्त, दिवसातून एकदाच घ्यावयाचे आणि बहुतेकांस मानवणारे आहे, ही कारणे मोठी. तिचा नित्याचा उपद्रव म्हणजे पावलांवर येणारी सूज. येथे आणखी एक फसगत होते. सूज दिसली म्हणून कोणी लघवी वाढविणारी गोळी चालू करतो; शरीरातील पाणी कमी होते; मल आणखी सुकतो; मग रेचक येते. तीन औषधांपैकी दोन पहिल्या औषधाची भरपाई करीत असतात, आणि घरातील माणसे म्हणतात, 'काय करावयाचे, वय झाले!'

दाराशी झगडणारी द्रव्ये केवळ कारखान्यातच होतात असेही नाही. पुदिन्याच्या जातीतील पेपरमिंटच्या तेलात मेन्थॉल असते. ते आतड्याच्या स्नायूत कॅल्शियम शिरण्यास अटकाव करते, असे प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि पोटात मुरडा येणाऱ्यांस त्या तेलाच्या गोळ्या डॉक्टर देतातही. मुरड्यावर आजीबाईंच्या बटव्यातील ओवा सर्वांस ठाऊक आहे. कराचीच्या आगाखान विद्यापीठातील संशोधकांनी 2005 साली ओव्याच्या अर्काने सशाच्या आतड्याचा तुकडा सैल पडतो आणि त्यात कॅल्शियमची वाट रोखण्याचा गुण दिसतो, असे प्रसिद्ध केले. पिनाव्हेरियम हे औषध तर अशा बेताने केले आहे की ते आतड्यातून रक्तात फारसे जातच नाही. सारे काम आतड्यातच. आमच्या नगरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. आमच्याकडे ओव्याच्या गुणाविषयी कोणास पटवावे लागत नाही. परंतु म्हणून चिमूटभर ओवा खाऊन रक्तदाबाची गोळी सोडून देणे हे शहाणपण नव्हे.

'कॅल्शियमविरोधी' या नावाने एक गैरसमज बळावतो, विशेषतः स्त्रियांत. हाडे ठिसूळ झाली म्हणून एक डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतो आणि दुसरा कॅल्शियम रोखणारी गोळी देतो, तेव्हा दोघांचे भांडण आपल्या पोटात लागले, असे त्यांस वाटते. कोणी दूध सोडते, कोणी विड्यातील चुना सोडते. वस्तुतः रक्तातील कॅल्शियमचे मान शरीर अत्यंत अरुंद मर्यादेत राखते; पेलाभर दुधाने ते चढत नाही आणि या गोळीने हाडांतील चुना उतरत नाही. गोळी स्नायूच्या दाराशी बसते, हाडाशी तिचे वैर नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी स्वतंत्रपणे मलावरोध होतो, हे मात्र खरे. दोन्ही चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानी घालावे.

आता माझ्या हातून झालेली चूक. हा सारा शोध लागल्याच्या आनंदात मी एके संध्याकाळी ओसरीवर सर्वांस तो वाचून दाखविला. आक्का शांतपणे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी घेणे बंद केले, आणि विचारू नये म्हणून रोजची गोळी पाकिटातून काढून देव्हाऱ्यातील रिकाम्या करंड्यात टाकू लागल्या. कोठा सुधारला. आठव्या दिवशी मध्यरात्री त्यांची छाती इतकी धडधडू लागली की त्यांस बोलवेना. रुग्णालयात नेईपर्यंतचा तो अर्धा तास मी विसरणार नाही. सूनबाई त्यांचा हात धरून मागे बसल्या होत्या. करंड्याची हकीकत तेथे डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर निघाली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, 'आजी, पोटाचे आधी मला का नाही सांगितले? या कामाची दुसरी गोळी आहे.' आक्का म्हणाल्या, 'हृदयाच्या डॉक्टरला शौचाचे कसे सांगावे?' आपल्या घरांतील पुष्कळ वृद्ध स्त्रियांची अडचण त्या एका वाक्यात आहे. त्यांच्यासाठी हे बोलणे मुलाने किंवा सुनेने करावयास हवे, आणि तेही गोळी सुरू झाली ती तारीख सांगून. आमच्याकडे ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, सूनबाईंच्याच अक्षरात लिहिलेली सापडली.

गोळी बदलणे सर्वांच्याच बाबतीत शक्य नसते. तेव्हा तीच चालू ठेवून उपाय करावे लागतात. दिवसा पाणी पुरेसे पोटात जावे. रात्री उठावे लागते म्हणून सायंकाळपासून पाणी तोडण्याची सवय वृद्धांत फार आहे, तिची भरपाई सकाळी व्हावी. मात्र ज्यांस डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी ते प्रमाण पाळावे. बाजरीची भाकरी, पालेभाजी, सालासकट फळे यांत चोथा असतो. एकादशीच्या साबुदाण्यात तो जवळजवळ नसतो, आणि चातुर्मासात आठवड्यास दोन-दोन उपास धरणाऱ्यांनी याचा विचार करावा. इसबगोल घ्यावयाचा तर भरपूर पाण्यातच घ्यावा. आतड्याची चाल मंद असता तो कोरडा गिळला तर स्वतःच गोळा होऊन बसतो. पोट फुगणे, ओकारी होणे, वातही न सरणे, किंवा शौचावाटे रक्त जाणे, यांपैकी काही झाले तर चूर्णाच्या डब्याकडे न जाता तडक रुग्णालयाकडे जावे.

करंड्यातल्या त्या आठ गोळ्या मी मोजून काढल्या तेव्हा एक गोष्ट मनात येऊन अंगावर काटा आला. देव्हारा आमच्या घरी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आहे. मोठ्या माणसाचे हृदय सावरणारी ही गोळी दोन वर्षांच्या मुलाने एखादीही गिळली तर त्याचे रक्ताभिसरण कोलमडू शकते. दारे सर्वांच्याच पेशींत आहेत. आता आक्कांची औषधे कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात असतात, आणि किल्ली सूनबाईंजवळ असते. ती त्यांच्याकडे द्यावी असे आक्कांनीच सुचविले.